बाजाराने आधीच काय धरलंय? जागतिक अर्थकारण वाचणाऱ्या मार्केट स्ट्रॅटेजिस्टचं काम, पायरी पायरीने

१८ सप्टेंबर २०२४ रोजी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने व्याजदरात थेट अर्ध्या टक्क्याची कपात केली. डिसेंबरपर्यंत आणखी दोनदा पाव-पाव टक्का कमी केला, म्हणजे तीन महिन्यांत पूर्ण एक टक्का. आता समजा, हे सगळं अगदी अचूक ओळखून कुणी सप्टेंबरच्या मध्यात दहा वर्षांचे अमेरिकी सरकारी रोखे घेतले असते. त्याचं काय झालं असतं? तोटा. या रोख्यांचं यील्ड, म्हणजे त्या दिवशीच्या भावाने घेतल्यास मिळणारा वार्षिक परतावा, तेव्हा साधारण ३.६ टक्के होतं. जानेवारी २०२५ मध्ये ते ४.८ टक्क्यांच्या आसपास पोचलं. यील्ड वर गेलं की रोख्याची किंमत पडते. अंदाज बरोबर आला आणि पैसे गेले.

पैसे कुठे लावावेत हे गुंतवणूकदारांना सुचवणाऱ्या मार्केट स्ट्रॅटेजिस्टचं काम कुणी विचारलं की मी हे उदाहरण देतो, कारण सगळं काम यातच आहे. अर्थतज्ज्ञ विचारतो, ‘पुढे काय होईल?’ स्ट्रॅटेजिस्टला त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो: ‘बाजाराने त्यातलं किती आधीच धरलेलं आहे?’ सप्टेंबर २०२४ मध्ये बाजाराने एकच कपात धरली नव्हती, तर पुढच्या वर्षभरातल्या कपातींची लांबलचक मालिका किंमतीत बसवून टाकली होती. मग रोजगाराचे आकडे बळकट आले, अमेरिकेतल्या निवडणुकीनंतर सरकारी तूट आणि आयातशुल्क यांची चर्चा वाढली आणि मालिका आखूड होत गेली. कपात झाली, पण धरलेल्यापेक्षा कमी होणार असं दिसू लागलं.

हे काम शिकू पाहणाऱ्यांसाठी मी माझी पद्धत इथे क्रमाने मांडतो आहे. एकेक पायरी सोपी आहे. अवघड आहे ते रोज, कंटाळा न करता, त्याच क्रमाने जाणं.

पायरी १: मुदत ठरवा आणि प्रश्न लहान करा

‘जागतिक अर्थव्यवस्था कुठे चालली आहे?’ या प्रश्नाला उपयोगी उत्तर नसतं. ‘येत्या सहा महिन्यांत अमेरिकेची वाढ बाजार समजतो त्यापेक्षा जास्त राहील का?’ याला असतं. तीन ते बारा महिने ही स्ट्रॅटेजिस्टची स्वाभाविक मुदत. त्याहून कमी काळात बाजारातली उलाढाल आणि कोण कुठे अडकलंय हेच चालतं. त्याहून जास्त काळात लोकसंख्या, उत्पादकता, शेअर किती महाग घेतला यांचं राज्य असतं. मुदत न सांगता दिलेलं मत चुकीचं ठरवताच येत नाही, म्हणून ते निरुपयोगी.

प्रश्न तीन गटांत बसवा: वाढ, महागाई आणि पैसा. पैसा म्हणजे मध्यवर्ती बँका, सरकारी खर्च आणि कर्जाची उपलब्धता. जगातली जवळपास प्रत्येक बातमी या तिघांपैकी कशाला तरी धक्का देते. देत नसेल तर ती वाचून पुढे जा.

पायरी २: बातमीच्या आधी किंमत वाचा

नवशिके सकाळी उठून आधी बातम्या वाचतात आणि मग बाजार बघतात. मी आग्रहाने उलटा क्रम सांगतो. आधी किंमती बघा, त्यातून बाजाराच्या मनात काय आहे ते काढा, कागदावर लिहा, मग बातम्या उघडा. आधी बातमी वाचली की मनात एक गोष्ट तयार होते आणि मग किंमतीतही तीच गोष्ट दिसायला लागते.

बाजाराच्या मनातलं काढायला फार गणित लागत नाही. चार हिशोब हातात बसवा.

पहिला, व्याजदराचा. फेडच्या (फेडरल रिझर्व्हच्या) धोरणदरावर फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, चालतात. १०० मधून फ्युचर्सची किंमत वजा केली की त्या महिन्याचा अपेक्षित सरासरी दर मिळतो. समजा आजचा दर ५ टक्के आहे आणि बैठकीनंतरच्या महिन्याचा फ्युचर ९५.१५ वर आहे. म्हणजे अपेक्षित दर ४.८५, अर्थात १५ बेसिस पॉइंट कमी (शंभर बेसिस पॉइंट म्हणजे एक टक्का). कपात पाव टक्क्याची, म्हणजे २५ बेसिस पॉइंटची असते असं धरलं, तर १५ भागिले २५, म्हणजे बाजाराच्या मते कपातीची शक्यता ६० टक्के. इथे एक खाच आहे: ज्या महिन्यात मधेच बैठक येते त्या महिन्याचा फ्युचर जुन्या आणि नव्या दराची सरासरी दाखवतो. म्हणून शक्यतो बैठक नसलेला महिना निवडा, नाहीतर दिवस मोजून हिशोब करा.

दुसरा, महागाईचा. दहा वर्षांच्या साध्या रोख्याचं यील्ड ४.२ टक्के आणि महागाईशी जोडलेल्या तेवढ्याच मुदतीच्या रोख्याचं १.९ टक्के असेल, तर फरक २.३ टक्के. ढोबळमानाने बाजाराने दहा वर्षांची सरासरी महागाई एवढी धरली आहे. ढोबळमानाने अशासाठी, की यात जोखमीची थोडी किंमतही मिसळलेली असते.

तिसरा, कर्ज बुडण्याचा. कमी पत असलेल्या कंपन्यांचे रोखे सरकारी रोख्यांपेक्षा ४ टक्के जास्त देत आहेत आणि कंपनी बुडाली तरी १०० मधले ४० हाती येतील असं धरलं, तर ४ भागिले ०.६, म्हणजे दरवर्षी साधारण ६.७ टक्के रोखे बुडाले तरच तुमचा जास्तीचा मोबदला संपतो. आता स्वतःला विचारा, एवढे बुडतील का? ‘स्प्रेड (सरकारी रोख्यांपेक्षा मिळणारं जास्तीचं व्याज) कमी वाटतोय’ असं म्हणण्यापेक्षा हा प्रश्न कितीतरी धारदार आहे.

चौथा, शेअर बाजाराचा. निर्देशांकाची किंमत म्हणजे नफा गुणिले पीई, म्हणजे एक रुपया नफ्यासाठी बाजार किती रुपये मोजतो तो आकडा. हालचाल दोघांपैकी कशामुळे झाली ते प्रत्येक वेळी वेगळं काढा. २०२२ मध्ये अमेरिकेचा प्रमुख शेअर निर्देशांक एस अँड पी ५०० सुमारे १९ टक्के घसरला, पण त्या वर्षी कंपन्यांचा नफा कोसळला नव्हता. पडला तो पीई, कारण व्याजदर शून्याजवळून चार टक्क्यांच्या वर गेले. हे न समजलेला माणूस वर्षभर कंपन्यांच्या निकालांत घसरणीचं कारण शोधत बसला.

या चार आकड्यांनी बाजाराचं गृहीतक तयार होतं. ते दोन-तीन वाक्यांत लिहा: ‘बाजार धरून चालला आहे की वाढ मध्यम राहील, महागाई सव्वादोन टक्क्यांवर स्थिरावेल, वर्षभरात चार कपाती होतील.’ पुढचं सगळं विश्लेषण या वाक्यांशी भांडण्यासाठी आहे.

पायरी ३: थोडे आकडे निवडा, पण ते आतून ओळखा

जगभरात दर आठवड्याला शेकडो आकडे जाहीर होतात. त्यातले पंधरा-वीस पुरतात. निवडताना मी एकच गोष्ट बघतो: आकडा किती लवकर येतो आणि नंतर किती बदलतो.

पीएमआय लवकर येतो, म्हणून आवडता. कंपन्यांच्या खरेदी व्यवस्थापकांना विचारलं जातं, मागच्या महिन्यापेक्षा परिस्थिती बरी, वाईट की तशीच? ५० च्या वर म्हणजे विस्तार, खाली म्हणजे आकुंचन. पण हा आकडा किती जणांचं बरं चाललंय ते सांगतो, किती बरं चाललंय ते सांगत नाही. शिवाय ५० पेक्षा दिशा महत्त्वाची. ४३ वरून ४६ ला आलेला पीएमआय शेअर बाजाराला ५६ वरून ५३ ला आलेल्यापेक्षा अनेकदा जास्त मानवतो. आत शिरून ‘नव्या ऑर्डर’ आणि ‘मालाचा साठा’ हे दोन उप-आकडे बघा. ऑर्डर वाढतायत आणि साठा घटतोय, म्हणजे कारखान्यांना पुढे उत्पादन वाढवावं लागणार.

दक्षिण कोरियाच्या निर्यातीचा आकडा माझ्या मते जगात सगळ्यात कमी लेखला जातो. महिन्याच्या पहिल्या २० दिवसांची निर्यात साधारण २१ तारखेलाच जाहीर होते. चिप, जहाजं, गाड्या, रसायनं असा सगळा जागतिक मागणीशी बांधलेला माल. फक्त एकूण वाढीकडे बघून फसू नका. सुट्ट्यांमुळे कामाचे दिवस बदलतात, म्हणून दर दिवसाची सरासरी बघा. चीनचंही तसंच. चांद्र नववर्ष कधी जानेवारीत तर कधी फेब्रुवारीत येतं, म्हणून तिथे औद्योगिक उत्पादनासारखे आकडे दोन्ही महिन्यांचे मिळून दिले जातात.

जीडीपीच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक मोजमापाची होते. अमेरिका तिमाहीची वाढ वार्षिक दराने सांगते, युरो क्षेत्र ती आधीच्या तिमाहीच्या तुलनेत सांगतं, चीनचा ठळक आकडा मागच्या वर्षाच्या त्याच तिमाहीशी तुलना करतो. त्यामुळे अमेरिकेचे २ टक्के आणि युरोपचे ०.५ टक्के ही जवळपास एकच गती. तीन देशांचे आकडे एका तक्त्यात तसेच ठेवलेले मी पाहिले आहेत, आणि त्यावरून पैसे हलवलेलेही.

जीडीपी आतून उघडायलाही शिका. २०२२ च्या पहिल्या दोन तिमाहींत अमेरिकेचा पहिला जाहीर आकडा उणे आला. ‘सलग दोन तिमाही, म्हणजे मंदी’ अशी ओरड झाली. पण पहिल्या तिमाहीत आकडा खाली खेचला तो मुख्यतः वाढलेल्या आयातीने, दुसऱ्या तिमाहीत साठ्यातल्या घटीने. लोक खर्च करत होते, नोकऱ्या दर महिन्याला लाखोंनी वाढत होत्या. अमेरिकेत मंदी झाली की नाही हे ठरवणाऱ्या एनबीईआर या संस्थेच्या समितीने ती मंदी मानली नाही.

त्याच समितीचा वेगही लक्षात ठेवा. डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालेल्या मंदीची घोषणा तिने १ डिसेंबर २००८ रोजी केली. शेअर बाजाराने तळ गाठला ९ मार्च २००९ ला, मंदी संपली जून २००९ मध्ये आणि बेरोजगारीने १० टक्क्यांचं शिखर गाठलं ऑक्टोबर २००९ मध्ये. या क्रमाकडे नीट बघा. बेरोजगारी कमी होण्याची वाट बघत बसलेल्याने तोवर सात महिन्यांची तेजी सोडली होती.

आकडा जाहीर होण्याच्या आधी तीन गोष्टी लिहून ठेवा: सर्वसाधारण अंदाज किती, तुमचा किती, आणि आकडा कुठल्या बाजूला चुकला तर बाजार जास्त हलेल. जाहीर झाल्यावर मथळ्याआधी मागच्या महिन्यांची दुरुस्ती बघा. अमेरिकेचे रोजगाराचे आकडे पुढचे दोन महिने दुरुस्त होत राहतात, शिवाय वर्षातून एकदा मोठी दुरुस्ती होते. ऑगस्ट २०२४ मधल्या प्राथमिक दुरुस्तीत मार्च २०२४ पर्यंतच्या वर्षातल्या ८,१८,००० नोकऱ्या कमी झाल्या. वर्षभर त्या आकड्यांवर उभी केलेली मतं एका दिवशी डळमळली.

पायरी ४: महागाई सोलून बघा

महागाईचा वार्षिक दर म्हणजे आजचा भाव आणि वर्षापूर्वीचा भाव यांतलं अंतर. त्यामुळे त्यात बारा महिन्यांपूर्वीची घटनाही बसलेली असते. निर्देशांक १०० वरून ११० झाला, दर १० टक्के. पुढच्या वर्षी ११२ झाला, दर १.८ टक्के. भाव उतरले का? नाही, वाढायचा वेग उतरला. जून २०२२ मध्ये अमेरिकेचा महागाई दर ९.१ टक्के होता. वर्षभरात तो ३ टक्क्यांवर आला, त्यात आदल्या वर्षीच्या इंधनाच्या उंच भावांचा मोठा हात होता.

म्हणून मी महिन्याची वाढ वार्षिक गतीत बदलून बघतो. महिन्याला ०.२ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे २.४. महिन्याला ०.३ म्हणजे सुमारे ३.७. मथळ्यात एका दशांशाचा फरक दिसतो, मध्यवर्ती बँकेच्या दृष्टीने तो ‘जवळपास उद्दिष्टावर’ आणि ‘अजून बरंच दूर’ यांतला फरक असतो. एका महिन्यावर विसंबू नका, तीन आणि सहा महिन्यांची सरासरी काढा.

मग घटक वेगळे करा. अन्न आणि इंधन बाजूला ठेवून मूळ महागाई. तिच्यात वस्तू वेगळ्या, सेवा वेगळ्या. वस्तूंची महागाई पुरवठा, वाहतूक आणि चलनाच्या दरावर चालते, सेवांची मुख्यतः पगारांवर. अमेरिकेच्या ग्राहक निर्देशांकात घरभाड्याशी जोडलेल्या खर्चाचं वजन जवळपास एक तृतीयांश आहे आणि तो प्रत्यक्ष नव्या भाडेकरारांच्या साधारण वर्षभर मागे चालतो. म्हणजे निर्देशांकाचा हा मोठा तुकडा पुढे कुठे जाणार याचा बराचसा अंदाज आजच घेता येतो. इतकी सोपी मदत या व्यवसायात क्वचितच मिळते.

पायरी ५: मध्यवर्ती बँक काय म्हणते यापेक्षा ती कशाला घाबरते ते ओळखा

फेडवर दोन जबाबदाऱ्या आहेत, भावांची स्थिरता आणि जास्तीत जास्त रोजगार. युरोपियन सेंट्रल बँकेचं मुख्य उद्दिष्ट एकच, भावांची स्थिरता. त्यामुळे बेरोजगारी सारखीच वाढली तरी दोघींचा प्रतिसाद सारखा नसेल. फेडच्या वर्षात आठ नियमित बैठका होतात, त्यांपैकी मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये सदस्यांचे दराचे अंदाज ठिपक्यांच्या आलेखात येतात. त्या ठिपक्यांना वचन समजू नका. ते त्या दिवशीच्या माहितीवरचं मत असतं, आणि डिसेंबर २०२१ च्या ठिपक्यांमध्ये २०२२ साठी फक्त पाऊण टक्क्याची वाढ होती. प्रत्यक्षात झाली सव्वाचार टक्क्यांची.

निवेदन वाचायची पद्धत साधी आहे. मागचं आणि नवं निवेदन शेजारी ठेवा आणि बदललेले शब्द अधोरेखित करा. बाकीचं वाचायची गरज नाही. अध्यक्षांच्या पत्रकार परिषदेत मी एकच गोष्ट टिपतो: त्यांना कुठली चूक जास्त महाग वाटते? महागाई शिल्लक राहण्याची, की नोकऱ्या जाण्याची? २०२२ मध्ये पहिलीची भीती होती, २०२४ च्या मध्यापासून दुसरी वाढली. ती भीती ज्या दिवशी बदलते, त्या दिवसापासून तेच आकडे बाजाराला वेगळे वाटू लागतात.

पायरी ६: कुणी कुणाकडून, कशाच्या जोरावर पैसे घेतलेत ते शोधा

ही पायरी पुस्तकी अभ्यासात येत नाही आणि मोठ्या पडझडी मात्र इथूनच येतात. वाढ आणि महागाई यांवरून बाजाराची दिशा समजते. तो एका दिवसात १२ टक्के का पडतो, हे त्यांच्यावरून समजत नाही.

५ ऑगस्ट २०२४ चा सोमवार घ्या. जपानचा शेअर निर्देशांक निक्केई १२.४ टक्के कोसळला, ऑक्टोबर १९८७ नंतरची एका दिवसातली सगळ्यात मोठी टक्केवारी. जपानी अर्थव्यवस्थेत त्या शनिवार-रविवारी काय घडलं होतं? काहीच नाही. ३१ जुलैला बँक ऑफ जपानने दर ०.२५ टक्क्यांवर नेला. २ ऑगस्टला अमेरिकेत बेरोजगारी ४.३ टक्के आली. दोन्ही घटना एरवी पचल्या असत्या. पण वर्षानुवर्षं लोकांनी जवळपास फुकट व्याजाने येन उचलून जगभरातल्या जास्त परताव्याच्या मालमत्ता घेतल्या होत्या. येनचं व्याज वाढायला लागलं, डॉलरचं घटण्याची चिन्हं दिसली, येन महागला. जुलैच्या सुरुवातीला एका डॉलरला १६१ हून जास्त येन पडत होते, ते १४२ च्या आसपास आले. येनमध्ये कर्ज घेतलेल्याचं कर्जच फुगलं. ते फेडायला मालमत्ता विकाव्या लागल्या, येन परत घ्यावा लागला, त्याने येन आणखी महागला. दुसऱ्या दिवशी निक्केई १०.२ टक्के वर आला, कारण अर्थव्यवस्था आदल्या आठवड्यात होती तिथेच होती.

ब्रिटनचं सप्टेंबर २०२२ चं प्रकरण याच जातीचं. २३ तारखेला सरकारने पैशाची सोय न दाखवता मोठ्या करकपाती जाहीर केल्या. दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांचे भाव पडणं समजण्यासारखं होतं. पण पेन्शन फंडांनी याच रोख्यांच्या तारणावर कर्ज काढून आणखी रोखे घेतले होते. भाव पडले, जास्त तारण मागितलं गेलं, ते उभं करायला त्यांनी तेच रोखे विकले. तीस वर्षांचं यील्ड काही दिवसांत एक टक्क्याहून जास्त उसळून ५ टक्क्यांपर्यंत गेलं आणि २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडला खरेदीसाठी बाजारात उतरावं लागलं.

दोन्हीत साखळी एकच: स्वस्त कर्ज, सगळ्यांचा एकाच बाजूला सौदा, लहान धक्का, सक्तीची विक्री. म्हणून दर महिन्याला एक तास काढून एक कागद भरा. सध्या सगळ्यात स्वस्त कर्ज कुठल्या चलनात मिळतंय? त्या पैशातून काय घेतलं जातंय? दर किंवा चलन कितीने हललं तर तो व्यवहार तोट्यात जाईल? तोट्यात गेला तर सगळ्यात आधी विकण्याजोगी कुठली वस्तू त्यांच्याकडे असेल? शेवटचा प्रश्न विसरू नका. संकटात लोक जे विकावंसं वाटतं ते विकत नाहीत, जे विकलं जातं ते विकतात. मार्च २०२० मध्ये म्हणूनच सोनं आणि अमेरिकी सरकारी रोखेसुद्धा काही दिवस पडले.

डॉलरकडे याच नजरेने बघा. जगातलं मोठं कर्ज आणि बहुतेक कच्चा माल डॉलरमध्ये असल्याने डॉलर महागला की अमेरिकेबाहेर पैसा आपोआप आवळला जातो, तिथल्या मध्यवर्ती बँकेने काही न करताही. डॉलर इंडेक्स (काही निवडक चलनांच्या तुलनेत डॉलरचा भाव) वापरत असाल तर एवढं माहीत असू द्या की त्यात युरोचं वजन ५७.६ टक्के आहे आणि चीनचं युआन मुळीच नाही. उदयोन्मुख देशांसाठी व्यापारानुसार वजन दिलेला निर्देशांक बघा.

पायरी ७: एक अंदाज नको, तीन चित्रं रंगवा

आता सगळं एकत्र आणायचं. तीन चित्रं, प्रत्येकाला शक्यता, प्रत्येकात किंमत कुठे जाईल तो आकडा. समजा दहा वर्षांचं यील्ड आज ४.२ टक्के आहे. मूळ चित्र: वाढ हळूहळू मंदावते, यील्ड ४.०, शक्यता ५५ टक्के. महागाई पुन्हा डोकं वर काढते: ४.८, शक्यता २० टक्के. मंदी: ३.२, शक्यता २५ टक्के. गुणून बेरीज केली तर २.२० अधिक ०.९६ अधिक ०.८०, म्हणजे ३.९६. आजच्यापेक्षा २४ बेसिस पॉइंट खाली. अशा रोख्याची किंमत यील्डमधल्या दर एका टक्क्याला ढोबळमानाने ८ टक्के हलते, म्हणजे सुमारे १.९ टक्के भाववाढ आणि वर व्याज.

शक्यता अचूक आहेत असा माझा अजिबात दावा नसतो. त्या लिहिण्याचा फायदा वेगळा आहे. कुणी म्हणालं ‘महागाईचा धोका तुम्ही कमी धरलाय’, तर आपण २० चे ३५ करून, मूळ चित्र ४० वर आणून, बघू शकतो: बेरीज ४.०८ होते, फायदा निम्मा उरतो. वाद शब्दांवरून आकड्यांवर येतो आणि पाच मिनिटांत संपतो.

पायरी ८: मताचं शिफारशीत रूपांतर करा

‘युरोपबद्दल आशावादी’ ही शिफारस नाही. काय घ्या, कशाच्या तुलनेत घ्या, किती, केव्हापर्यंत, आणि काय घडलं तर सोडा, ही पाचही उत्तरं लागतात. ‘तुलनेत’ हा शब्द फार मोलाचा. तुमचं मत युरोपच्या बँका अमेरिकी बँकांपेक्षा बऱ्या चालतील असं असेल, तर सगळा बाजार वर जातो की खाली हे तुम्हाला ओळखावंच लागू नये अशी मांडणी करा. जे माहीत आहे त्यावरच जोखीम घ्या.

‘सोडण्याची अट’ किंमतीत आणि कारणात, दोन्हीत लिहा. ‘तोटा ५ टक्के झाला तर’ ही किंमतीची. ‘मूळ महागाईची तीन महिन्यांची गती ३.५ च्या वर गेली तर’ ही कारणाची. कारण मोडलं पण किंमत अजून पडली नाही, अशी संधी मिळते तेव्हा आनंदाने बाहेर पडा. बहुतेक जण नेमकं तेव्हाच नवं कारण शोधतात.

टिपण लिहिताना पहिल्या परिच्छेदात मत, दुसऱ्यात बाजाराने काय धरलंय, तिसऱ्यात तुम्ही कुठे वेगळे आहात आणि का. आलेख तीनपेक्षा जास्त नकोत.

पायरी ९: चुकांची वही ठेवा

२०२२ च्या शेवटी मी अमेरिकेतली मंदी हे मूळ चित्र धरलं होतं. कारण भक्कम वाटत होतं. जुलै २०२२ पासून दोन वर्षांचं यील्ड दहा वर्षांच्या वर गेलं होतं आणि असा उलटा यील्ड कर्व्ह आधीच्या अनेक मंदींच्या पुढे चालत आला होता. तो दोन वर्षांहून जास्त काळ उलटाच राहिला. मंदी आली नाही. २०२३ मध्ये एस अँड पी ५०० चोवीस टक्के चढला.

वहीमुळे मला कळलं की मी कुठे चुकलो. इतिहासातला नमुना मी घेतला, पण तो ज्या नळांतून वाहतो ते तपासले नाहीत. दर वाढले की कर्जदाराचा हप्ता वाढतो आणि खर्च आटतो, ही साखळी मी गृहीत धरली. अमेरिकी कुटुंबांपैकी बहुतेकांची गृहकर्जं तीस वर्षांच्या स्थिर दराची होती, आणि २०२०-२१ मध्ये त्यांनी ती अत्यंत कमी व्याजावर बदलून घेतली होती. मोठ्या कंपन्यांनीही तेव्हाच लांब मुदतीची स्वस्त कर्जं उचलली होती. फेडने दर ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला, पण तो त्यांच्या हप्त्यापर्यंत पोचलाच नाही. वर सरकारी तूट मोठी होती, तिनेही मागणी धरून ठेवली. ही सगळी माहिती तेव्हाही उघड होती. मी ती ‘मंदी किती खोल असेल’ या प्रश्नासाठी वापरली, ‘येईल का’ या प्रश्नासाठी वापरली नाही.

तेव्हापासून कुठलाही ऐतिहासिक नियम वापरताना मी वहीत दोन ओळी जास्त लिहितो: हा नियम कुठल्या मार्गाने काम करतो, आणि तो मार्ग आज उघडा आहे का?

सुरुवात करायची असेल तर अमेरिकेचा येणारा रोजगार अहवाल निवडा, तो साधारण महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येतो. गुरुवारी रात्री वहीत तारीख टाका. फ्युचर्समधून पुढच्या बैठकीतल्या कपातीची शक्यता काढून लिहा. तुमचा अंदाज लिहा. आकडा जास्त आला तर दोन वर्षांचं यील्ड कुठे जाईल, कमी आला तर कुठे, आणि दोन्हीत डॉलरचं काय होईल तेही लिहा. शुक्रवारी आकडा आल्यावर एक तास थांबा आणि शेजारच्या रकान्यात प्रत्यक्ष काय झालं ते भरा. तिसऱ्या रकान्यात फक्त फरकाचं कारण. असे बारा शुक्रवार भरले की तो तिसरा रकाना वरपासून खालपर्यंत एकदा सलग वाचा.